पठारी बाज : हिमप्रदेशातील कुरणांचा राखणदार

शिकारी पक्ष्यांविषयी आपल्याकडे आदर आणि अढी या दोन्ही भावना एकत्र नांदतात. घारीची नजर आणि गरुडाची झेप यांचा दाखला आपण गुणवर्णनासाठी देतो. पण तीच घार अंगणातील कोंबडीचे पिल्लू उचलून नेते तेव्हा घरातील लहानथोर दगड घेऊन तिच्यामागे धावतात. या पक्ष्यांचा आपल्या शेताशी, कुरणाशी आणि पर्यायाने आपल्या अन्नाशी किती निकटचा संबंध आहे, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

प्रस्तुत लेखात अशाच एका शिकारी पक्ष्याचा परिचय करून द्यावयाचा आहे. हा पक्षी आपल्या गावात दिसणारा नव्हे. हिमालयापलीकडील तिबेटचे पठार, मंगोलियाची गवताळ मैदाने आणि दक्षिण सैबेरियाचे डोंगर हे त्याचे घर. इतक्या दूरच्या पक्ष्याची कथा येथे सांगण्याचे प्रयोजन असे की, कुरणातील एका लहानशा प्राण्याविरुद्ध तेथे माणसाने विष वापरले आणि त्याचे परिणाम कोठवर पोहोचले, याचा पुष्कळ अभ्यास झालेला आहे. उंदरांसाठी तशीच विषे आपल्याही शेतांत वापरली जातात. त्यामुळे ही कथा शेतकरी, शिक्षक आणि ग्रामीण भागात काम करणारे कर्मचारी या सर्वांच्याच उपयोगाची आहे.

नाव आणि कुळ

बाज, ससाणा, शिक्रा, घार, गरुड ही नावे बोलण्यात पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरली जातात. वास्तविक त्यांच्यात स्पष्ट भेद आहेत. ससाण्याचे पंख लांब व टोकदार असतात आणि तो वेगासाठी प्रसिद्ध आहे. शिक्रा लहान चणीचा, आखूड पंखांचा. तो झाडीतून अचानक झडप घालतो. घार तिच्या दुभंगलेल्या शेपटीवरून शाळकरी मुलालाही ओळखता येते. याखेरीज रुंद पंखांच्या, आखूड व गोलसर शेपटीच्या, उंच आकाशात संथ घिरट्या घालणाऱ्या बाजांचा एक गट आहे. शास्त्रज्ञ त्याला 'ब्युटिओ' असे म्हणतात. आपला पक्षी या गटातील होय.

त्याचे शास्त्रीय नाव 'ब्युटिओ हेमिलॅसियस'. टेमिंक व श्लेगेल या पक्षिशास्त्रज्ञांनी १८४४ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. 'हेमिलॅसियस' या ग्रीक शब्दांवरून बनविलेल्या नावाचा अर्थ 'अर्धा केसाळ' असा आहे आणि तो त्याच्या पायांना उद्देशून आहे. याच गटातील लांब पायांचा बाज उष्ण व कोरड्या प्रदेशात राहतो. त्याच्या नडग्या उघड्या असतात. ध्रुवाजवळच्या प्रदेशातील दुसऱ्या एका भाईबंदाचे पाय थेट बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले असतात. आपला पक्षी या दोहोंच्या मधला. त्याच्या नडगीचा बराचसा भाग, विशेषतः पुढची बाजू, पिसांनी मढलेली असते. हवामानाप्रमाणे शरीराची ठेवण कशी बदलते, हे विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यास या तीन भावांच्या पायांइतके सोपे उदाहरण सापडणे कठीण.

मराठीत या पक्ष्यास रूढ असे नाव नाही. तो उंच पठारावर राहणारा असल्याने या लेखापुरते आपण त्यास 'पठारी बाज' म्हणू.

रूप आणि निवास

पठारी बाज हा त्याच्या गटातील आशियातील पक्ष्यांमध्ये सर्वांत मोठा. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत त्याची लांबी ६० ते ७० सेंटिमीटर भरते आणि पसरलेल्या पंखांची रुंदी सुमारे दीड मीटर असते. बहुतेक शिकारी पक्ष्यांप्रमाणे याही जातीत मादी नराहून मोठी असते. काही माद्यांचे वजन दोन किलोच्या आसपास जाते. आपल्या ओळखीच्या घारीहून तो चांगलाच भारदस्त दिसतो.

त्याचा रंग सर्वत्र सारखा नसतो. काही पक्षी फिकट असतात : डोके व छाती पांढुरकी, पोटाच्या दोन्ही बाजूंस व मांड्यांवर गडद तपकिरी पिसे, जणू काळसर विजार घातली आहे असे वाटावे. काही पक्षी जवळजवळ संपूर्ण काळपट तपकिरी असतात, तर काही या दोहोंच्या मधल्या छटांचे. उडताना पंखांच्या टोकांकडे दिसणारे मोठे पांढरे पट्टे ही फिकट पक्ष्याची चांगली खूण समजावी.

त्याच्या निवासाची कल्पना येण्यासाठी एक तुलना करू. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच ४००० मीटरहून अधिक, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ अडीचपट. हवा विरळ, वारा बोचरा. हिवाळ्याच्या रात्री पारा शून्याखाली ३० अंशांपर्यंत उतरतो. मैलोन्मैल झाड म्हणून दृष्टीस पडत नाही. दिसते ते आखूड गवत, मधूनमधून खडकाळ टेकड्या आणि चरणारे याक व मेंढ्या. अशा उघड्या मुलखात हा बाज राहतो. दाट जंगल त्याला मानवत नाही. कारण त्याची सारी शिकार दृष्टीवर अवलंबून असते आणि दृष्टीला मोकळे मैदान लागते.

भारतात तो प्रामुख्याने लडाख, हिमाचल प्रदेश व उत्तराखंडाचा उंच भाग आणि सिक्कीम येथे आढळतो. सैबेरिया व मंगोलियातील पक्षी थंडीत दक्षिणेकडे सरकतात. आपल्या भागातील अनेक जवान उत्तर सीमेवर सेवा बजावीत असतात. एखाद्या टेकाडावर किंवा तारेच्या खांबावर तासन्‌तास स्थिर बसून राहिलेला हा मोठा पक्षी त्यांच्यापैकी काहींनी खचित पाहिला असेल.

शिकारीची पद्धत

पठारी बाज घाईचा पक्षी नाही. खडक, टेकाड किंवा खांब अशी उंचवट्याची जागा धरून तो बसतो आणि खालच्या गवतावर नजर ठेवतो. कधी उंच आकाशात घिरट्या घालतो, तर कधी वाऱ्याच्या तोंडाशी पंख फडफडवीत एकाच जागी तरंगत राहतो. आपल्या माळावर खरुची हा लहान ससाणा असाच अधांतरी ठरून शिकार हेरतो, हे अनेकांनी पाहिले असेल. उंचवटा नसेल तर हा बाज सरळ जमिनीवरच उभा राहून दबा धरतो. एवढा मोठा शिकारी पक्षी कुरणाच्या मध्यभागी शांतपणे उभा असलेला पाहून नवख्या माणसास नवल वाटते.

त्याच्या आहारात लहान सस्तन प्राण्यांचा वाटा मोठा असतो. मंगोलियात तो गवताळ मैदानातील उंदीरवर्गीय प्राणी व जमिनीवरील खारी धरतो. सशाची पिल्ले, लहान पक्षी आणि प्रसंगी मेलेले जनावरही त्याला चालते. तिबेटच्या पठारावर मात्र त्याचे पोट मुख्यतः 'पायका' नावाच्या एका प्राण्यावर भरते. या प्राण्याची ओळख करून घेतल्याशिवाय बाजाची कथा पुरी होत नाही.

पायका : चिमुकला परंतु महत्त्वाचा

पायका दिसतो उंदरासारखा, परंतु तो उंदीर नव्हे. तो सशाचा नातेवाईक आहे. कान लहान व गोल, शेपटी जवळजवळ नाहीच, वजन साधारण १५० ग्रॅम. तो जमिनीत बिळे करून कुटुंबाने राहतो आणि धोका दिसताच चीत्कार करून इतरांना सावध करतो. एका उन्हाळ्यात मादी दोनतीन वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा वितात. त्यामुळे अनुकूल वर्षी एका हेक्टरात त्यांची संख्या शेकड्यांवर जाते.

थंड प्रदेशातील पुष्कळ प्राणी हिवाळाभर बिळात निद्रिस्त राहतात. पायका तसे करीत नाही. भर हिवाळ्यातही दिवसा तो बिळाबाहेर येतो. हे त्याला कसे साधते, याचा उलगडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातून झाला. थंडीत तो आपल्या शरीरातील ऊर्जेचा खर्च सुमारे ३० टक्क्यांनी कमी करतो आणि जेथे याक चरतात तेथे याकचे शेण खाऊन उपजीविका करतो. शेणातील अर्धवट पचलेले गवत त्याला आयते मिळते. वर्षभर बिळाबाहेर वावरणाऱ्या या प्राण्यामुळे शिकाऱ्यांनाही वर्षभर अन्न मिळते, हे विशेष ध्यानात घ्यावे.

त्याच्या ताटावर बसणारे पाहुणे थोडे नाहीत. पठारी बाज, मोठा ससाणा, तिबेटी कोल्हा, मनुल नावाचे रानमांजर आणि बिळे उकरून पायका खाणारे तपकिरी अस्वल हे सारे या प्राण्यावर अवलंबून असतात. शिवाय झाडे नसलेल्या या प्रदेशात काही लहान पक्षी पायकांच्या बिळांतच घरटी करतात. या सर्व कारणांमुळे अमेरिकेतील अँड्र्यू स्मिथ व मार्क फॉगिन या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये असे प्रतिपादन केले की, पायका ही त्या पठारावरील जीवसृष्टीची आधारशिला आहे. कमानीच्या मधला दगड निखळला म्हणजे बाकीचे दगडही जागेवर राहत नाहीत, तसाच हा प्रकार.

घरटे व पिल्ले

वसंत ऋतूत बाजाची जोडी घरटे सजविण्यास लागते. घरटे बहुधा कड्याच्या कपारीत, टेकडीच्या उतारावर किंवा खडकावर असते. एकच घरटे वर्षानुवर्षे वापरले जाते आणि दर वर्षी त्यावर नव्या काटक्यांची भर पडते. झाडे नाहीत, तेव्हा काटक्या मिळविणे सोपे नसते. म्हणून मेंढ्यांची लोकर, गवत, चिंध्या असे हाती लागेल ते साहित्य हा पक्षी आत अंथरतो. अलीकडच्या काळात विजेचे खांब व ओसाड घरे यांवरही त्याची घरटी दिसू लागली आहेत.

मादी साधारणतः दोन ते चार अंडी घालते. सुमारे ३६ ते ३८ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात आणि पुढे सुमारे दीड महिन्याने ती उडू लागतात. उडू लागल्यावरही काही काळ आईबाप त्यांना भरवीत असतात. अन्न मुबलक असलेल्या वर्षी अंडी अधिक घातली जातात व पिल्ले अधिक जगतात. दुष्काळी वर्षी पिल्ले कमी होतात किंवा जोडी घरटेच मांडत नाही. सावकाराचे देणे नसलेला शेतकरी पाऊसपाणी पाहून पेरणीचा अंदाज बांधतो, तसा हा पक्षी कुरणातील शिकारीचा अंदाज घेऊन आपला संसार बेतशीर ठेवतो. म्हणूनच एखाद्या खोऱ्यात पठारी बाजाची किती घरटी आहेत व त्यांत किती पिल्ले वाढत आहेत, यावरून तेथील कुरणाच्या प्रकृतीचा अंदाज करता येतो.

विषाची मोहीम

पायका गवत खातो, हे खरे. तो जेथे फार वाढतो तेथे जमीन उघडी पडलेली दिसते, हेही खरे. याक, मेंढ्या व घोडे यांवर ज्यांचे पोट आहे त्या पशुपालकांना त्याची धास्ती वाटावी, यात अस्वाभाविक काही नाही. पायका कुरणाचा नाश करतो, या समजुतीने चीनच्या चिंघाई प्रांतात १९५८ मध्ये त्याच्याविरुद्ध विषप्रयोगास प्रारंभ झाला. १९६२ पासून ही मोहीम विस्तृत प्रमाणावर सुरू झाली. पुढील दशकांत लक्षावधी हेक्टर कुरणांत विषारी धान्य पसरण्यात आले. प्रथम झिंक फॉस्फाइड वापरले गेले. नंतर इतर विषे आली. बौद्ध परंपरेत वाढलेल्या अनेक तिबेटी पशुपालकांना ही प्राणिहत्या रुचली नाही, परंतु मोहीम चालू राहिली.

या मोहिमेचे फळ काय मिळाले, याचा अभ्यास पुढे निरनिराळ्या ठिकाणी झाला. त्यातून तीन गोष्टी निष्पन्न झाल्या.

पहिली गोष्ट अशी की, पायका आखूड गवताची जमीन पसंत करतो. उंच गवतात त्याला शत्रू दिसत नाही. जनावरांच्या अतिचराईने गवत आधीच खुरटलेले असते, अशा जागी तो वाढतो. म्हणजे त्याची बेसुमार वाढ हे पुष्कळदा कुरण बिघडल्याचे लक्षण असते. मूळ दुखणे चराईच्या पद्धतीत आणि उपचार पायकावर, असे झाले. साप साप म्हणून भुई धोपटण्याचाच हा प्रकार.

दुसरी गोष्ट पाण्याविषयीची आहे. पायकांच्या बिळांमुळे जमीन भुसभुशीत राहते व पावसाचे पाणी आत मुरते. जेथे विष घालून पायका संपविले तेथे बिळे ढासळून बुजतात आणि पाणी मुरण्याचा वेग घटतो, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळून आले. हे पठार पीत नदी, यांगत्से, मेकाँग, ब्रह्मपुत्रा व सिंधू अशा महानद्यांचे उगमस्थान आहे. तेथे पाणी मुरते की वाहून जाते, हा केवळ तेथील मेंढपाळांचा प्रश्न राहत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या बाजाशी संबंधित आहे. विष घातलेल्या कुरणांत पक्ष्यांच्या जाती व त्यांची संख्या कमी आढळते, असे २००३ च्या अभ्यासाने दाखविले. मांसाहारी सस्तन प्राणीही तेथे कमी असतात, असे दक्षिण चिंघाईतील २०१६ च्या अभ्यासाने दाखविले. हे ओघानेच आले. ताटच काढून घेतल्यावर पाहुणे बसणार कोठे?

हिशेब कोठे चुकतो

या ठिकाणी प्रत्येक शेतकऱ्याने ध्यानात घ्यावा असा एक साधा हिशेब आहे. पायका वर्षातून अनेक वेळा वितो आणि त्याच उन्हाळ्यात जन्मलेल्यांची संख्या मूळ संख्येच्या कितीतरी पट होते. विष घालून शंभरांपैकी नव्वद मारले, तरी उरलेले दहा आणि शेजारच्या कुरणातून येणारे नवे पायका थोड्याच वर्षांत जमीन पुन्हा भरून काढतात. बाजाचे तसे नाही. त्याची वर्षातून एकच वीण, दोनचार अंडी, आणि पिल्लू स्वतः संसार मांडण्याजोगे होण्यास आणखी काही वर्षे. अन्न नाहीसे झाल्यामुळे बाज एकदा निघून गेला, की तो पायकाच्या वेगाने परत येत नाही. त्यामुळे दुसऱ्या वेळी पायका वाढतात तेव्हा त्यांना आवरण्यास राखणदार उरलेला नसतो आणि माणसाला अधिक विष घालावे लागते. ज्या शत्रूसाठी विष वापरले तो परत येतो. जो मित्र होता तो मात्र येत नाही.

विषाविषयीही थोडे जाणून घेतले पाहिजे. झिंक फॉस्फाइडचा पोटातील आम्लाशी संयोग होऊन फॉस्फीन नावाचा विषारी वायू तयार होतो व प्राणी लवकर मरतो. हे विष मांसात फारसे साचून राहत नाही. म्हणून अशा विषाने शिकारी पक्ष्याचे नुकसान होते ते मुख्यतः त्याचे भक्ष्य नाहीसे झाल्याने. ब्रोमाडिओलोनसारख्या विषांची गोष्ट वेगळी. ही विषे रक्त गोठू देत नाहीत. ती खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्तपणे उघड्यावर फिरत राहतो आणि तेवढ्या काळात विष त्याच्या यकृतात साठते. असा सुस्त उंदीर शिकारी पक्ष्यास सहज सापडतो आणि उंदराबरोबर विषही पक्ष्याच्या पोटात जाते. मंगोलियात २००१ नंतरच्या काळात मैदानी उंदरांविरुद्ध हे विष मोठ्या प्रमाणावर वापरले गेले, तेव्हा शिकारी पक्ष्यांसह इतरही पक्षी मृत्युमुखी पडल्याचे दिसून आले. सुक्याबरोबर ओलेही जळाले.

बाजासाठी खांब

या अनुभवातून काही उपायही पुढे आले. चीनमध्ये इ.स. २००० नंतर अनेक कुरणांत उंच खांब उभारून त्यांवर शिकारी पक्ष्यांसाठी बसण्याच्या व घरट्याच्या जागा तयार करण्यात आल्या. झाडे नसलेल्या प्रदेशात बाजाला उंच आसन मिळाले म्हणजे तो त्या भागात अधिक शिकार करील, ही त्यामागील कल्पना. पठारी बाजाने अशा खांबांवर घरटी केली. मंगोलियातही मुख्यतः मोठ्या ससाण्यांसाठी उभारलेल्या हजारो कृत्रिम घरट्यांपैकी काहींचा लाभ या बाजांनी घेतला. मात्र जेथे खांबही उभारले जातात आणि विषही चालू राहते, तेथे एका हाताने पाट मांडायचा व दुसऱ्या हाताने ताट उचलायचे, असा विसंगत व्यवहार होतो.

खांबांची दुसरी बाजूही आहे. विजेच्या खांबावर बसलेल्या मोठ्या पक्ष्याचे पसरलेले पंख तारेला आणि जमिनीशी जोडलेल्या लोखंडी भागाला एकाच वेळी लागले, तर तो जागीच मरतो. मंगोलियात असे अनेक बाज व ससाणे दगावले आहेत. तारेच्या त्या भागावर विद्युत्‌रोधक आवरण चढविणे किंवा खांबाची रचना बदलणे हा त्यावरील उपाय. तो खर्चिक असला तरी त्यामुळे वीजपुरवठ्यातील खंडही टळतो, म्हणून दोन्ही बाजूंनी हिताचा ठरतो.

एकंदर जगाचा विचार करता पठारी बाज आज नामशेष होण्याच्या वाटेवर नाही. त्याचा प्रदेश विस्तीर्ण आहे आणि तो बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेणारा आहे. चीनमध्ये १९८९ पासून सर्व बाजकुळाला कायद्याचे संरक्षण आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे. परंतु कायदा पक्ष्याला बंदुकीपासून वाचवू शकतो. पक्ष्याचे अन्न विषाने संपले तर कायद्याचा हात तेथवर पोहोचत नाही.

आपल्या शेतशिवारात

आता आपल्या मुलखाकडे वळू. पठारी बाजाचा जवळचा नातेवाईक, म्हणजे वर उल्लेखिलेला लांब पायांचा बाज, हिवाळ्यात माळवा, गुजरात व दख्खनच्या माळरानांवर पाहुणा म्हणून येतो. त्याच सुमारास 'भोवत्या' पक्षीही उत्तरेकडून येतात आणि शेतांवरून अगदी खालून तरंगत फिरताना दिसतात. पांढऱ्याशुभ्र पोटाची कापशी घार, खरुची, शिक्रा, पिंगळा आणि गव्हाणी घुबड हे तर आपल्या गावशिवारात नेहमीचे. यांपैकी कापशी घार दिवसा आणि गव्हाणी घुबड रात्री उंदरांचा समाचार घेते. एक पाळी संपते तेथे दुसरी सुरू होते, असा हा बिनपगारी पहारा आहे.

आपल्याकडेही उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड व ब्रोमाडिओलोन ही दोन्ही विषे वापरली जातात. उंदीर धान्याची नासाडी करतात व रोगही पसरवितात. त्यांचे नियंत्रण आवश्यकच आहे. विष कधीच वापरू नये, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. ते कोठे, केव्हा व कसे वापरावे, याचे तारतम्य मात्र हवे. त्या दृष्टीने पुढील गोष्टी उपयुक्त ठरतील.

विष वापरण्यापूर्वी सायंकाळी शेतातील सर्व बिळे मातीने बुजवावीत. दुसऱ्या दिवशी जी पुन्हा उकरलेली दिसतील तीच वापरात असलेली बिळे होत. आमिष फक्त त्यांतच ठेवावे व बीळ बंद करावे. उघड्यावर, बांधावर किंवा पाणवठ्याजवळ आमिष कदापि पसरू नये. त्यानंतर काही दिवस रोज सकाळी शेतात फेरी मारून मेलेले उंदीर गोळा करावेत व खोल पुरावेत, म्हणजे घुबड, घार किंवा गावातील कुत्री-मांजरे ती खाणार नाहीत. एकट्याने मोहीम काढण्यापेक्षा सबंध शिवाराने एकाच वेळी काढावी. अन्यथा शेजारच्या शेतातील उंदीर मोकळ्या झालेल्या बिळांत येऊन राहतात. बांध अरुंद व स्वच्छ ठेवले तर उंदरांना आसरा कमी मिळतो.

हरभऱ्यावरील घाटे अळीसाठी शेतात टी आकाराचे पक्षिथांबे उभारावेत, अशी शिफारस कृषी विभागाकडून केली जाते. त्यांपैकी काही थांबे थोडे उंच व मजबूत केले, तर दिवसा कापशी घार आणि रात्री घुबड त्यांचा उपयोग करते. चिंघाईच्या कुरणांत बाजासाठी खांब उभारण्यामागे जी कल्पना आहे, तीच ही. त्यास लागणारे साहित्य म्हणजे दोन काठ्या आणि हातभर सुतळी.

शिक्षकांसाठी एक सूचना. घुबड उंदीर सबंध गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांची गुंडी तोंडावाटे बाहेर टाकते. जुन्या वाड्याच्या किंवा देवळाच्या ज्या कोनाड्याखाली अशा गुंड्या पडलेल्या सापडतील, तेथून त्या काठीने उचलून वाळवाव्यात व विद्यार्थ्यांकडून सोडवून घ्याव्यात; हात लावल्यावर साबणाने स्वच्छ धुण्यास सांगावे. उंदरांच्या किती कवट्या निघाल्या, हे मुलांनी स्वतः मोजले, की घुबडाविषयीची अपशकुनाची समजूत पुसण्यास वेगळे व्याख्यान द्यावे लागणार नाही.

गिधाडांचे उदाहरण आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाचा अंश मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेला आणि १९९० नंतरच्या अवघ्या दीड दशकात पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. परंतु ओस पडलेले आकाश अजून भरून आलेले नाही. त्या औषधाचा वापर करणाऱ्या एकाही गोपालकाला गिधाड मारावयाचे नव्हते. त्याला आपले जनावर बरे करावयाचे होते, एवढेच.

पठारी बाजाची कथा हीच गोष्ट निराळ्या भूमीवर सांगते. कोणतेही विष शेतात नेताना ते ज्याच्यासाठी आहे त्याचा विचार आपण करतोच. त्याच ताटावर आणखी कोण जेवते, हेही विचारण्याची सवय लागली पाहिजे. येत्या रब्बी हंगामात विषाची पुडी सोडण्यापूर्वी एखाद्या सकाळी शिवारातून चक्कर मारावी, तारेवर कापशी घार बसते काय, जुन्या विहिरीत किंवा पडक्या वाड्यात घुबडाची जोडी नांदते काय, याची चौकशी करावी. ती असेल, तर आपल्या शेताला राखणदार आहे असे समजावे आणि त्याच्या ताटात विष पडणार नाही याची काळजी घ्यावी.